छोट्या प्रकाशकाच्या घरचा डिसेंबर

डिसेंबर लागला की आमच्या कळंबमध्ये रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर सुरू असते. पहाटे अंगणात झाडू मारायला बाहेर यावं तर रस्त्यावर वाड्याचा कचरा पडलेला, हवेत मळीचा वास आणि वालचंदनगरच्या दिशेने धुक्याचा पट्टा. अशा दिवसांत बायकांच्या डोक्यात वर्षाचा हिशेब चालू होतो. बचत गटाचा हप्ता किती उरला, दुधाचं बिल किती आलं, कुणाच्या लग्नात किती आहेर गेला नि आपल्याकडे किती आला!

आमच्या भिशीतही डिसेंबरात हिशेब मांडला जातो. मात्र तो पुस्तकांचा असतो. आम्ही बाराजणी आहोत. महिन्याला दोनशे रुपये काढतो. जिची चिठ्ठी निघेल तिने त्या चोवीसशे रुपयांतून सगळ्यांसाठी एक पुस्तक आणायचं, एवढीच अट. बारा महिने, बारा पुस्तकं. वर्षअखेरीस पोहे-चहा करून कोणतं पुस्तक कुणाला भावलं यावर भांडायचं. हो, भांडायचंच! गोडीगुलाबीनं बोलून पुस्तकं कळत नाहीत, असं आमचं मत आहे.

गेल्या डिसेंबरच्या बैठकीला आमच्यातल्या एक वहिनी जरा उशिराच आल्या. चेहऱ्यावर लपवूनही न लपणारा आनंद. म्हणाल्या, "ताई, माझं पुस्तक निघतंय. प्रकाशकाचा फोन आला होता. निवड झाली म्हणाले."

आम्ही सगळ्या एकदम ओरडलोच. वहिनी गेली आठ-नऊ वर्षं वहीत गोष्टी लिहितात, हे आम्हाला ठाऊक होतं. गोठ्याचं, सासरचं, रोजगाराला जाणाऱ्या बायांचं. कुणीतरी लगेच विचारलं, "मग पार्टी कधी?" वहिनी हळूच म्हणाल्या, "फक्त चाळीस हजार भरायचेत. तीनशे प्रती घरपोच देणार आहेत. दुधाच्या बिलातनं साठवलेले आहेत माझ्याकडं."

मैत्रिणींनो, पोह्याचा घास माझ्या घशातच अडकला. कारण त्याच बैठकीत मी ज्या पुस्तकाबद्दल बोलणार होते, त्याच्या प्रकाशकाची गोष्ट अगदी याच्या उलटी होती.

दोन डिसेंबर, एक प्रकाशक

मुंबईत येशू पाटील यांनी उभं केलेलं शब्द पब्लिकेशन हे काही मोठ्या इमारतीतलं, शेकडो नोकरांचं प्रकाशन नव्हे. 'मुक्त शब्द' हे मासिक आणि मोजकी पुस्तकं, असा त्याचा पसारा. गल्लोगल्ली खपणारी पाककृतींची किंवा यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं काढून पैसा करण्यापेक्षा आजच्या कथा-कादंबऱ्या नि कविता काढायच्या, हा त्याचा मार्ग. असा मार्ग धरला की डिसेंबरचा हिशेब बहुतेक वेळा तोट्याकडे झुकतो, हे सांगायला कुणा वाण्याची गरज नाही.

पण २२ डिसेंबर २०२२ ला साहित्य अकादमीचे पुरस्कार जाहीर झाले आणि मराठीसाठी निवड झाली प्रवीण दशरथ बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीची. प्रकाशक शब्द पब्लिकेशन. पुढच्या वर्षी, २० डिसेंबर २०२३ ला, पुन्हा यादी आली. मराठीत कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. प्रकाशक पुन्हा शब्द पब्लिकेशन! साहित्य अकादमी देशातल्या चोवीस भाषांतल्या पुस्तकांना दरवर्षी हा मान देते. एक लाख रुपये, ताम्रपट आणि शाल असं त्याचं स्वरूप. एका लहान प्रकाशनाला तो ओळीने दोन वर्षं आपल्या लेखकांच्या हाती पाहायला मिळावा, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

आणि हे लेखक तरी कुठले? बांदेकर सावंतवाडीचे, कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ हाताशी धरून माणसांना कोण नाचवतं हे सांगणारे. खोत पन्हाळ्याचे, शाळेत शिकवणारे. दोघेही तुमच्या-आमच्यासारख्या छोट्या गावांतून लिहिणारे. त्यांचं हस्तलिखित कुणीतरी बसून वाचलं, त्यावर विश्वास टाकला, कागदाचे, छपाईचे, बांधणीचे पैसे घातले, तेव्हा कुठे ते पुस्तक दिल्लीपर्यंत पोहोचलं.

पुरस्काराचा आनंद प्रकाशकाच्या घरी कसा साजरा होतो ठाऊक आहे? सत्कार लेखकाचा होतो, हार लेखकाच्या गळ्यात पडतो. ते योग्यच आहे. प्रकाशकाच्या वाट्याला येतात ते फोन. "ते पुस्तक आहे का शिल्लक?" एरवी वर्षभरात जेवढ्या प्रती हलतात, तेवढ्या पंधरवड्यात मागितल्या जातात. मग घाईने नवी आवृत्ती, मुखपृष्ठावर 'साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त' अशी पट्टी, पार्सलांचे गठ्ठे आणि सुतळी. लेकीला चांगलं स्थळ मिळाल्यावर आई जशी आनंदात असते, पण तिला बसायला फुरसत नसते, तसंच काहीसं.

'रिंगाण' आमच्या घरात

रिंगाण हा शब्द आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरमार्गे पुढे येते आणि पहिलं गोल रिंगण आमच्या जवळच्या बेलवाडीत होतं. त्यामुळे मी पुस्तक हातात घेऊन बसले तेव्हा सासूबाईंना वाटलं, वारीचंच पुस्तक. म्हणाल्या, "मोठ्यानं वाच गं, मलाबी ऐकू दे." त्यांना अक्षरओळख जेमतेम. म्हणून रोज रात्री जेवणं झाली की मी दहा-बारा पानं मोठ्याने वाचू लागले.

कादंबरी वारीची नव्हती. धरणासाठी उठवलेल्या गावाची होती. माणसं दुसरीकडे गेली, पण एक म्हैस मागे जंगलात राहिली, ती रानटी झाली, आणि तिला आणायला देवाप्पा परत निघाला, अशी ती गोष्ट. चौथ्या-पाचव्या रात्री लक्षात आलं, सासूबाईंच्या हातातली वात वळायची थांबली आहे.

त्यांचं माहेर पळसदेवाच्या बाजूचं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातल्या किती गावांची शीव पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला जातात. सासूबाई कधी गेल्या नाहीत. त्या रात्री एवढंच म्हणाल्या, "आमचं घर हाललं, पर आमची जनावरं लई दिस जुन्या गोठ्याकडंच पळत हुती. दादा रोज जाऊन आणायचा त्यास्नी. हे ह्या माणसाला कुणी सांगितलं?"

एकोणीस वर्षं मी या घरात नांदते आहे. सासूबाईंचं माहेर पाण्यात गेलं एवढं माहीत होतं. जनावरांचं मला कधीच कळलं नव्हतं. पन्हाळ्याच्या एका शिक्षकाने लिहिलेलं आणि मुंबईच्या एका छोट्या प्रकाशकाने छापलेलं पुस्तक मध्ये आलं म्हणून ते कळलं. वर्षअखेरीस लेखकाच्या यशाचा आनंद प्रकाशक साजरा करतो, तेव्हा त्यात आमच्या ओसरीवरची ती रात्रही असते. त्याला ती दिसत नाही, एवढंच.

फलटणची दोन पुस्तकं

हे काही आजचंच नाही. १९७४-७५ च्या सुमारास मुंबईत दिनकर गांगल, अरुण साधू, कुमार केतकर, अशोक जैन अशा मंडळींनी 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू केली. वाचकांनी आधी पैसे भरून सभासद व्हायचं, म्हणजे पुस्तक स्वस्तात मिळेल आणि छापणाऱ्यालाही धीर येईल, अशी कल्पना. आपल्या भिशीचीच मोठी बहीण म्हणा ना! वर्षअखेरीस नाताळच्या सुमारास 'वाचक दिन' साजरा करायचा, त्यात नवी पुस्तकं वाचकांच्या हाती द्यायची, ही प्रथाही ग्रंथालीनेच पाडली. लेखकांच्या सोबतीने वाचकांचाही मान!

याच ग्रंथालीने १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' काढलं, १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचं 'उपरा' आणि २००३ मध्ये ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. माने फलटण तालुक्यातले, म्हणजे नीरा ओलांडली की आपले शेजारीच. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी समाजातल्या मुलाच्या या आत्मकथनाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

फलटणचंच दुसरं नाव बेबीताई कांबळे. त्यांचं छोटंसं दुकान होतं. सामान बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या गल्ल्यावर बसून वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या आणि घरच्यांपासून वह्या लपवून ठेवल्या, थोडीथोडकी नव्हे, वीसएक वर्षं! फलटणमध्ये शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना छापायचा धीर दिला. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात ते लेखन क्रमशः आलं आणि पुढे 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. २००८ मध्ये माया पंडित यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. दुकानातल्या रद्दीपासून निघालेली ही वाट साता समुद्रापार गेली. पण मध्ये कुणीतरी ती वही वाचायला मागितली होती, हे विसरू नका.

हासनच्या बानूताई

आणखी ताजं उदाहरण आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं. हासनच्या बानू मुश्ताक. व्यवसायाने वकील. कन्नडमध्ये मुसलमान बायकांच्या घरातल्या गोष्टी लिहिणाऱ्या. त्यांच्या बारा कथांचं दीपा भास्ती यांनी इंग्रजी केलं, 'हार्ट लॅम्प' नावाने. २० मे २०२५ ला लंडनमध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार जाहीर झाला. कथासंग्रहाला हा पुरस्कार मिळण्याची ही पहिलीच वेळ. पन्नास हजार पौंड, लेखिका आणि भाषांतरकार दोघींना निम्मे-निम्मे.

इंग्लंडमध्ये हे पुस्तक काढलं ते शेफील्ड या गावातल्या 'अँड अदर स्टोरीज' या लहानशा प्रकाशनाने. त्यांचीही रीत ओळखीची आहे. वाचक वर्गणी भरतात, त्या बळावर पुस्तकं निघतात आणि वर्गणीदारांची नावं पुस्तकाच्या शेवटी छापली जातात. २०१८ या वर्षी तर त्यांनी फक्त लेखिकांचीच पुस्तकं काढली होती. मोठ्या दुकानांच्या दर्शनी मांडणीत जागा विकत घेणं अशा प्रकाशकांना परवडत नाही. त्यांच्याकडे असतो तो वाचणारा डोळा आणि थोडं धाडस.

खरा प्रकाशक कसा ओळखाल?

आता परत वहिनींच्या फोनकडे. हे सगळं बोलून झाल्यावर मी त्यांना विचारलं, "वहिनी, त्यांना तुमची कोणती गोष्ट आवडली?"

वहिनी जरा थांबल्या. "सगळ्याच छान आहेत म्हणाले."

"एखादी बदला म्हणाले? एखादी काढून टाका म्हणाले?"

"नाही. म्हणाले, पैसे भरले की महिन्यात पुस्तक हातात."

भिशीतल्या सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातल्या एक काकू, ज्या बचत गटाचा हिशेब बघतात, त्यांनी कागद घेतला. तीनशे प्रती, किंमत दीडशे रुपये. एकूण एक प्रत पूर्ण किमतीला विकली गेली तरच पंचेचाळीस हजार. आणि विकायच्या कुणी? वहिनींनी! नातेवाईक तर पुस्तक विकत घेत नाहीत, भेट म्हणूनच नेतात. "म्हणजे पुस्तकं पलंगाखाली अन् पैसे त्यांच्या खिशात," काकू म्हणाल्या. कठोर वाटलं, पण हिशेब चुकीचा नव्हता.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं यात काहीच वाईट नाही, हे आधी सांगते. कित्येक चांगली पुस्तकं तशीच निघाली आहेत. नातवंडांसाठी आठवणी छापायच्या असतील, तर गावातल्या छापखान्यात जाऊन दर विचारा, शंभर प्रती काढा, हौसेनं वाटा. पण मग तो छपाईचा खर्च आहे हे दोघांनाही ठाऊक असावं. त्याला 'निवड झाली' म्हणून कुणी आपल्याला फुलवू नये.

ज्या मैत्रिणींच्या कपाटात अशी एखादी वही आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते.

एक, खरा प्रकाशक आधी तुमचं लेखन वाचतो आणि त्यावर बोलतो. खोडतो, विचारतो, कधी नकोसंही करतो. नुसतं 'छान छान' म्हणणाऱ्यापासून जपा.

दोन, तो खर्च स्वतः करतो आणि विक्रीतून लेखकाला मानधन देतो. मानधन किती टक्के ते करारात लिहिलेलं असतं. समजा तीनशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के ठरले आणि पाचशे प्रती गेल्या, तर लेखिकेचे पंधरा हजार होतात. रक्कम मोठी नाही, पण ती तुमच्याकडे येणारी असते, तुमच्याकडून जाणारी नसते.

तीन, सही करण्याआधी करार घरातल्या जाणत्या माणसाला दाखवा. हक्क कुणाकडे राहणार ते बघा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. तुमच्या लेकी-नातींची ती मिळकत आहे, सातबाऱ्यासारखी. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात सरकारकडून मोफत मिळतो. त्याचे वेगळे हजारो रुपये कुणी सांगितले तर तिथेच ओळखा.

चार, नवख्यांसाठी काही दारं उघडी आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकांसाठी राज्य शासनाचे वेगळे पुरस्कार आहेत, त्यातला कवितेचा बहिणाबाई चौधरींच्या नावाने. आणि सगळ्यात जुना रस्ता म्हणजे आधी एक-एक कथा मासिकाला, दिवाळी अंकाला पाठवायची. तिथे पैसे जातात ते टपालाचे.

वहिनी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पोहेही टाकून गेल्या. मला दोन रात्री चुकल्यासारखं झालं. एखाद्या बाईच्या आठ वर्षांच्या स्वप्नावर आपण बाराजणींदेखत पाणी ओतलं की काय! पण आठवड्याने त्या आपणहून आल्या. पैसे भरले नव्हते. वहीतल्या तीन गोष्टी त्यांनी शाळेत जाणाऱ्या लेकाकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतल्या होत्या. त्या आम्ही एका दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवल्या.

उत्तर यायला बरेच महिने गेले. दोन गोष्टी परत आल्या. तिसरीसोबत चिठ्ठी होती. 'गोठ्यातली गोष्ट चांगली आहे. शेवट लांबला आहे. म्हातारी गप्प बसते तिथेच थांबता येईल का बघा आणि पुन्हा पाठवा.'

बस्स, एवढंच. ना निवड, ना मानधन, ना हार. पण वहिनींनी ती चिठ्ठी आम्हाला तीनदा वाचून दाखवली. "ताई, म्हातारी गप्प बसते ते त्यांनी वाचलंय. म्हंजी शेवटपर्यंत वाचलंय!" म्हणाल्या. त्या संध्याकाळी शेजारच्या शेतात हुरड्याची शेकोटी केली आणि आम्ही वहिनींच्या 'परत आलेल्या' गोष्टींचा समारंभ साजरा केला. सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग आता काय करायचं हिनं?" मी म्हटलं, "शेवट पुन्हा लिहायचा." तर म्हणाल्या, "मग लिही की गं. बसलीस काय?"

आपल्या हातात काय?

छोटे प्रकाशक टिकले तर आपल्यासारख्यांच्या वह्या कुणीतरी वाचेल. आणि ते टिकतात ते सत्कारांवर नव्हे, विकल्या गेलेल्या प्रतींवर. म्हणून या डिसेंबरात एक करून बघा. आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जा. राज्यात १९६७ च्या कायद्याने अशी वाचनालयं मान्यता आणि अनुदान घेऊन चालतात. तिथल्या ग्रंथपालांना सांगा, अमुक पुस्तक आम्हाला हवं आहे. चार बायकांनी मागितलेलं पुस्तक पुढच्या खरेदीच्या यादीत येण्याची शक्यता वाढते. हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या वाटण्यापेक्षा चौघी-पाचजणींनी मिळून पुस्तकं वाटा. आणि जमलं तर बाराजणी मिळून भिशी सुरू करा. पहिल्या महिन्यात चिठ्ठी कुणाची निघते यावरून भांडण होईल. ते होऊ द्या.

आमच्या भिशीत या महिन्याची चिठ्ठी वहिनींची निघाली आहे. पुस्तक कोणतं आणायचं ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. सध्या रात्री साडेदहाला त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा चालू दिसतो. शेवट लिहिणं चाललंय.